बाटलीतला कापूस

दारव्हा, १७ जानेवारी १९६०

त्या सकाळी मी दोन घागरी पाणी भरलं, चुलीतली राख काढून भांडी घासली, अंगणात सडा टाकला आणि ज्वारी निवडायला सूप घेऊन बसले. अर्धं सूप झालं होतं. माझा धाकटा भाऊ जफर ओट्यावर भाकर खात होता. सोबत अंबाडीची भाजी होती. त्याला तिखट सोसत नाही म्हणून मी मिरची कमी घातली होती. तेवढ्यात तुम्ही दारात आलात.

विमलताई, तुम्हाला ती सकाळ आठवते का, मला ठाऊक नाही. मला आठवते. मागच्या फेब्रुवारीतला शनिवार होता. आदल्या दिवशी तुम्ही आमच्या कबरस्तानात गौहरची कबर उघडायला लावली होती. बाईची मय्यत पुरुष डॉक्टरने बघायची नाही असं मोहल्ल्याने सांगितलं, म्हणून यवतमाळच्या दवाखान्यातून तुम्हाला धाडलं होतं. कबर उघडणारी बाई म्हणून इथे तुम्हाला कोणी पाणीसुद्धा दिलं नाही. संध्याकाळी मी चहा दिला. तुम्ही तो पाटावर बसून प्यालात आणि फळीवरची पुस्तकं बघितलीत.

त्या पुस्तकांबद्दल तुम्ही विचारलं होतं. माझे मालक रहमत जुजबंदी करत, म्हणजे पुस्तकं शिवत. बिघडलेले, जास्तीचे झालेले सोळा पानी जुज घरात पडून राहत. त्यांच्यावरूनच मी वाचायला शिकले, कोणी शिकवलं नाही. त्यामुळे मला कितीतरी गोष्टींची फक्त मधली सोळा पानं ठाऊक आहेत. तुम्ही हसलात आणि एक अख्खं पुस्तक पाठवीन म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पुस्तकाबद्दल बोलायला आला नव्हता. पिशवीतून एक काचेची बाटली काढून माझ्या समोर धरलीत. तिच्यात चिमूटभर कापूस होता. गौहरच्या घशात अगदी खोल सापडला म्हणालात. तिला मीच गुसल दिला होता. मोहल्ल्यातल्या बायकांना शेवटची आंघोळ घालण्याचं काम माझ्याकडेच आहे, वीस वर्षांच्या वर झाली. तुम्ही विचारलंत, हा कापूस तुमचा का?

मी हो म्हणाले. आम्ही मय्यतीच्या नाकात, कानात कापूस ठेवतो, तोच असेल म्हणाले. नाकातला घशात कसा गेला, असं तुम्ही विचारलंत. खाटेवरून नेताना गेला असेल म्हणाले.

तुम्ही बाटली पिशवीत ठेवलीत. मग म्हणालात, "तुम्ही वाचणाऱ्या बाई आहात, खैरुनबाई. निदान तुम्ही तरी मला असं सांगायला नको होतं."

चहा ठेवला होता, तो तुम्ही घेतला नाही. पुस्तक आलं नाही. तुम्ही नागपूरला बदलून गेलात, तिथे डॉक्टर होणाऱ्या मुलांना माणसाच्या मरणाचं कारण कसं शोधायचं ते शिकवता, असं दवाखान्यातल्या एका बाईकडून कळलं. गौहर कशाने मेली ते ठरवता येत नाही, असं तुम्ही लिहून दिलं आणि पोलिसांनी कागद बंद केला.

एवढंच विचारायला हे पत्र लिहिते. ती बाटली तुमच्याकडे अजून आहे का?

मंगळवारी आमच्या गल्लीतली जुबैदा वारली. साठीची होती, एकटी राहायची. मीच नहलवलं तिला.

खैरुनबी रहमत


दारव्हा, २६ जानेवारी १९६०

ताई, तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण एकदा सुरू केलं की थांबता येत नाही, म्हणून पुन्हा लिहिते.

तुम्ही शहरातल्या आहात. तुम्हाला कापूस म्हणजे कापूस. आमच्याकडे लहान लेकरालाही नवा आणि जुना ओळखता येतो. मय्यतीला मी जो कापूस घेते तो बोंडातला असतो. सरकी हाताने काढते, दुधासारखा पांढरा असतो, बोटात धरून ओढला तर लांब येतो. तुमच्या बाटलीतला कापूस राखेच्या रंगाचा होता. आखूड होता. तो गादीतून काढून पुन्हा पिंजलेला कापूस होता. मी पिंजाऱ्याची मुलगी आहे. जन्मले त्या दिवशीही माझ्या नाकात तोच गेला असेल.

तो माझा नव्हता.

आता दुसरं सांगते. गुसल देताना मय्यतीला चूळ भरता येत नाही, म्हणून बोटाला ओला कापूस गुंडाळून दात आणि ओठांच्या आतली बाजू पुसायची असते. त्या वेळी वरचा ओठ उचलावा लागतो. गौहरच्या वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी बारीक पट्टी फाटली होती. आतून ओठ काळा पडला होता, दातांच्या खुणा होत्या. बाहेरून काहीच नव्हतं. चेहरा झोपल्यासारखा. चोवीस वर्षांची होती, नवऱ्याने टाकलेली. तिच्या दिराने संशय घेऊन अर्ज केला नसता तर तुम्ही आलाच नसतात. आणि तुम्ही आलात तोवर वीस दिवस झाले होते. तो ओठ तुम्हाला बघायला मिळाला नाही. तो फक्त मी बघितला होता.

मी का बोलले नाही ते विचाराल. मय्यतीच्या अंगावर जे दिसेल ते झाकायचं, बाहेर कुठे बोलायचं नाही, हा आमचा नियम आहे. कोणाच्या अंगावर डाग असतो, कोणाला लपवलेलं दुखणं असतं. जी धुते तिने ते पाण्याबरोबर सोडून द्यायचं. मला हे ज्यांनी शिकवलं त्यांना सगळे बडी बी म्हणतात. वीस वर्षं मी हा नियम पाळला. लोक म्हणतात, खैरुनच्या हाती आई दिली तरी चिंता नाही.

पण तुम्हाला मी नियमामुळे खोटं सांगितलं असं म्हणाले तर ते दुसरं खोटं होईल. नियम गप्प राहायला सांगतो. कापूस माझा आहे असं सांगायला सांगत नाही.

जुबैदाचा ओठही तसाच होता. तिच्या गालात कापसाचा बोळा अडकला होता. तो मी काढला आणि मालकांच्या डिंकाच्या रिकाम्या डबीत ठेवला आहे. डबी फळीवर आहे, पुस्तकांच्या मागे.

खैरुनबी


दारव्हा, ४ फेब्रुवारी १९६०

तुमचं कार्ड परवा मिळालं. दोनच ओळी आहेत. "बाटली माझ्याजवळ आहे. कापूस कोणाचा?"

ताई, तुम्ही पाकीट पाठवायला हवं होतं. रागावून म्हणत नाही. आमचा पोस्टमन धावजी कार्ड वाचूनच देतो. त्यात त्याला काही वाईट वाटत नाही. निम्म्या गावाला वाचता येत नाही, तेव्हा त्यालाच वाचून दाखवावं लागतं. माझं कार्ड त्याने हॉटेलात वाचलं आणि म्हणाला, पाहा बुवा, नागपूरची डॉक्टरीण खैरुनबीले कापूस इचारून राह्यली, रजई भरायची असंन. सगळे हसले. हसणाऱ्यांत जफर बसला होता.

दुपारी तो माझ्याकडे आला. गल्लीत कोणी नव्हतं, सगळ्या बाया वेचणीला गेल्या होत्या. ओट्यावर बसला, पाणी मागितलं, प्याला. मग म्हणाला, "आपा, डॉक्टरीण बाई अजून कापूसच इचारते काय?"

मी त्याच्या हातातला पेला घेतला.

"तू मागच्या टायमाले बरोबर सांगतलं होतं," तो म्हणाला. "आता कायले पत्र लिहून राह्यली?"

तुम्ही विचारलं आहे म्हणून लिहिते. कापूस माझ्या भावाचा आहे. जफर पिंजारी. त्या सकाळी ओट्यावर भाकर खात होता तो. तुम्ही बाटली धरली तेव्हा त्याने खाणं थांबवलं नाही. मी हो म्हणाले, त्यानंतर त्याने आणखी अर्धी भाकर मागितली.

कापूस पुष्कळ पिंजारी पिंजतात. पण त्या बाटलीत बारीक लाल धागे होते. आमचे वडील जुन्या लाल कापडाच्या चिंध्या पिंजून कापसात मिसळत, त्याने गादी फुगते आणि गिऱ्हाइकाला माल जास्त वाटतो. ही लबाडी दारव्ह्यात फक्त आमच्या घराची. वडील गेल्यावर ती जफरकडे आली. तुम्ही बाटली उजेडात धरली आणि मला ते धागे दिसले.

मी त्याला विचारलं. एकदाच विचारलं, का म्हणून.

त्याने जे सांगितलं ते त्याने रडत सांगितलं नाही, हसतही सांगितलं नाही. भाव सांगावा तसं सांगितलं. पिंजारी अंगणात दिवसभर बसतो. घरातली बाई एकटी असली की बोलत राहते, कारण पिंजाऱ्याशी बोललेलं कुठे जात नाही, पिंजणाच्या आवाजात बुडतं. गौहर बोलायची. जुबैदा बोलायची. पलीकडच्या गावची तानाबाई नावाची एक शेतकरी विधवा होती, तीही बोलायची. तिचं मला ठाऊक नव्हतं. तिला चितेवर जाळलं, त्याला तीन वर्षं झाली.

"साऱ्या एकच म्हणतात, आपा. मले मरण काहून येत नाही, म्हणतात. अल्ला उचलून काहून नेत नाही. मायसारखंच म्हणतात."

ताई, हे आमच्याकडे सगळ्याच बाया म्हणतात. डोकं दुखलं तरी म्हणतात. भाकर करपली तरी म्हणतात. ते कोणी ऐकत नाही. त्याने ऐकलं.

आईचं आता सांगते. इतक्या वर्षांत कोणालाच सांगितलं नाही, मालकांनाही नाही. आईला कापसाच्या धुळीने दमा झाला होता. मी सोळा वर्षांची होते, जफर नऊ वर्षांचा. तीन दिवस तिला झोपता आलं नाही, बसून खोकायची आणि म्हणायची, मले मरण का येत नाही. त्या सकाळी मी विहिरीवर गेले. परत आले तर खोकला ऐकू येत नव्हता. आई आडवी होती आणि तिच्या तोंडावर पिंजलेल्या कापसाचा ढीग होता. जफर शेजारी बसला होता. मला म्हणाला, "आपा, खोकला थांबला."

मी घागर खाली ठेवली. कापूस उचलून कोपऱ्यात टाकला. तोवर शेजारणी आल्या. दम्याने गेली असं सगळ्यांनी म्हटलं आणि मीही म्हटलं. बडी बी नहलवायला आल्या, त्यांनी मला हाताशी घेतलं. माझी पहिली मय्यत ती. आईचा ओठ उचलला तेव्हा दाताला एक लाल धागा चिकटला होता. बडी बींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. त्यांनी धागा काढला, पाण्यात सोडला आणि म्हणाल्या, झाकायचं असते.

काल मी त्यांच्याकडे गेले होते. आता त्यांना दिसत नाही, ऐकू येतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली माळ खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्या तुले मुर्द्याचं झाकायले शिकवलं होतं, खैरुन. जित्याचं नाही. ते तू आपल्या मनानं शिकली."

जाताना जफरने माझी गादी बघितली. हाताने दाबून पाहिली. म्हणाला, दगड झाली हाय, आपा, पुढच्या शनवारी येतो अन् पिंजून देतो.

मालक गेल्यापासून मी रोज म्हणते, ताई. रोज सकाळी चूल पेटवताना म्हणते, मले का नाही नेत. त्याच्यासमोर कितीदा म्हटलं असेल.

खैरुनबी


दारव्हा, ८ फेब्रुवारी १९६०

हे पत्र लहान आहे. नीट वाचा.

चार दिवस मी विचार केला. मी ठाण्यात जाऊन आता सांगितलं तर काय होईल? वर्षापूर्वी कापूस माझा म्हणाले, आज भावाचा म्हणते. कोर्ट म्हणेल, बाई एकदा खोटं बोललीच आहे. डबीतला बोळा मीच ठेवला असं म्हणतील, आणि खरंच मीच ठेवला आहे. गौहरचा ओठ मातीत गेला. तानाबाई जळाली. आईला तर सत्तावीस वर्षं झाली. जुबैदालाही चार आठवडे होत आले. जे बोलणार होतं ते सगळं मी धुऊन टाकलं आहे.

मग तुम्हाला काय लागेल? तुम्हाला ताजी मय्यत लागेल, न धुतलेली.

जफर शनिवारी येतो आहे. मी त्याला नाही म्हणणार नाही. तुम्ही रविवारी या. माझ्या वरच्या ओठाखाली बघा. नाकात बघा, घशात बघा. नखांत बघा, मी लक्षात ठेवून हात चालवीन. तुम्ही येईपर्यंत मला कोणी नहलवू नये, असं मी एका कागदावर लिहून उशाशी ठेवते, खाली माझं नाव घालते. मोहल्ला ऐकणार नाही. तेव्हा तुम्ही पोलीस घेऊन या.

पाच-पन्नास बायकांना मी पाक करून पाठवलं. मला तसंच पाठवलं तरी चालेल.

मी हे दुःखाने लिहीत नाही. मला आता दुसऱ्या कशानेच उपयोगी पडता येत नाही, एवढंच. गल्लीच्या टोकाला लालीबाई राहते. तिचा मुलगा गेल्या पावसाळ्यात गेला. तीही म्हणत असते. तिने रजई पिंजायला दिली आहे, जफर माझ्यानंतर तिच्याकडे जाणार आहे. तिच्याआधी माझी पाळी आहे हे बरं.

डबी फळीवर आहे, हे विसरू नका.

खैरुनबी


दारव्हा, ११ मार्च १९६२

विमलताई,

गेल्या मंगळवारी पहाटे नागपूरच्या जेलात जफरला फाशी दिली. तुम्हाला कळलं असेल, तुम्ही त्याच गावात आहात. मी रात्रीपासून फाटकाबाहेर बसले होते. तुमच्या घराचा पत्ता माझ्याकडे होता, पण आले नाही. त्या दिवशी मला कोणाचाच चेहरा बघायचा नव्हता, तुमचाही नाही.

मय्यत घेऊन दारव्ह्याला आले. मोहल्ल्यातला एकही माणूस त्याला गुसल द्यायला तयार नव्हता. शेवटी मारेगावचे आमचे मामेभाऊ दोघं आले. बहिणीने भावाला नहलवायचं नसतं, म्हणून मी पडद्याबाहेर बसून त्यांना काय करायचं ते सांगत होते. कापूस मी दिला. बोंडातला, हाताने सरकी काढलेला, नवा. त्यांनी आतून विचारलं, ओठ उचलायचा का? मी म्हणाले, उचला, नीट पुसा.

मला आता कोणी बोलवत नाही. दोन वर्षांत गल्लीत सात बायका गेल्या. सातही वेळा दुसऱ्या गावाहून बाई आणली. त्यांचंही बरोबर आहे. जी मय्यतीचं कोर्टात बोलते तिच्या हाती कोण आपली आई देईल? लालीबाई तेवढी येते, ओट्यावर बसते. तिच्याकडे बघून मला रडायला का येतं, हे तिला कळत नाही. मी सांगत नाही. ती अजूनही म्हणते, मले मरण येत नाही.

कोर्टात मला कापसाबद्दल विचारलं, धाग्यांबद्दल विचारलं, आधी खोटं का बोलले ते चारचारदा विचारलं. तुम्ही जुबैदाची कबर उघडून जे लिहिलंत त्यावर वकील दोन दिवस बोलले. जफरने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आपा सांगते ते खरं हाय," तरी ते बोलत राहिले. पण त्या शनिवारी काय झालं ते मला कोणी विचारलं नाही. तुम्हीही नाही. ते तुम्हाला ठाऊक असायला हवं, कारण तुमच्या पत्रामुळे मी जिवंत आहे. त्यासाठी तुमचे आभार मानावेत की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

तो सकाळी आला. खांद्यावर पिंजण, हातात ठोकळा. मी चहा दिला. गादी अंगणात आणून उसवली. त्याने कापूस पसरला, पिंजणाची दोरी, म्हणजे तात, ओढून पाहिली, ती ढिली होती म्हणून पुन्हा बांधायला बसला. मी उंबऱ्यावर बसले होते. मला भीती वाटत नव्हती. गल्लीतली शेवटची बाई वेचणीला जाईपर्यंत तो थांबेल, हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात धावजी आला. या वेळी पाकीट होतं, त्यामुळे त्याला वाचता आलं नव्हतं आणि तो नाराज होता. पाकीट देऊन गेला.

जफर म्हणाला, "कोणाचं?"

मी म्हणाले, डॉक्टरीण बाईंचं.

"वाच."

त्याला वाचता येत नव्हतं, ताई. मी काहीही वाचू शकले असते. तब्येत विचारली आहे, पुस्तक पाठवते म्हणतात, काहीही. कापसाबद्दल दोनदा खोटं बोलले होते, एकदा शेजारणींना, एकदा तुम्हाला. तिसऱ्यांदा तोंडच उघडेना. म्हणून जे लिहिलं होतं तेच वाचलं.

तुमचं पत्र माझ्याकडे आहे, पण मला ते पाठ आहे. "खैरुनबाई, मी तुमच्या ओठाखाली बघणार नाही. मेलेल्या बाया काय सांगतात ते मी रोज लिहिते. त्याने आजवर एकही बाई परत आली नाही. तुम्हाला अजून बोलता येतं. एकदा खोटं बोललात हेही सांगा, का बोललात तेही सांगा. जुबैदाची कबर मी उघडवीन, तुमचं बोलणं आणि माझं बघणं शेजारी ठेवू. मी रविवारी येते आहे, ते तुमच्याशी बोलायला."

मी थांबले. तो म्हणाला, "ते पुन्हा वाच. परत आली नाही ते."

मी पुन्हा वाचलं.

तो तात बांधत राहिला. गाठ दोनदा सुटली. त्याच्या हातून गाठ सुटलेली मी कधी बघितली नव्हती. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी तू पाणी घेऊन आली, आपा. घागर ठेवली, कापूस उचलला, अन् मले काहीच म्हणली नाही. रागावली नाही, मारलं नाही. मले वाटलं, बरोबर केलं."

मी म्हणाले, तू नऊ वर्षांचा होतास.

"हो," तो म्हणाला. "नंतरबी नाही म्हणली."

मग तो पिंजणावर ठोकळा मारायला लागला. दुपार झाली, गल्ली रिकामी झाली, तो पिंजत होता. मी उंबऱ्यावरून उठले नाही. तो कधीही उठून आला असता तर मी हलले नसते, हे तुम्हाला सांगते. पण तो उठला नाही. सगळा कापूस त्याने पिंजला, खोळीत भरला, काठीने सारखा केला. लाल चिंध्या त्याने सोबत आणल्या होत्या, गाठोडं तसंच बांधलेलं राहिलं. सूर्य कलला तेव्हा शेवटचा टाका घातला, दातांनी दोरा तोडला आणि गादी आत नेऊन खाटेवर टाकली.

"पाच साल पाहणं नाही," म्हणाला. पिंजण खांद्यावर घेतलं. अंगणाच्या दारात थांबला. "उद्या मी घरीच हाय, आपा. कुठं जात नाही."

लालीबाईच्या दारावरून तो गेला, थांबला नाही. मी बघत होते.

त्या गादीवरच मी अजून झोपते. मऊ आहे. एकही लाल धागा नाही तिच्यात, मी एक कोपरा उसवून बघितलं.

तुम्ही रविवारी दुपारच्या गाडीने उतरलात आणि मी घरी भेटले नाही, म्हणून तुम्ही घाबरलात असं नंतर म्हणालात. मी घरी नव्हते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन घागरी पाणी भरलं, डिंकाची डबी पदरात बांधली, ठाण्यात गेले आणि माझ्या भावाचं नाव लिहून दिलं.

खैरुनबी